तीनशे पौंडांचा रुमाल

तंबूला कंटाळलेला माणूस कॅम्परव्हॅन घेतो आणि व्हॅन दारात उभी राहिली की पहिल्याच आठवड्यात तिला जोडायला तंबू शोधू लागतो. ब्रिटनमध्ये हे दर वसंतात नेमाने घडतं. ओल्या गवतावर झोपून पाठ धरली, खुंटी ठोकताना अंगठा ठोकला गेला, मध्यरात्री वाऱ्याने दोर सुटला आणि तो पुन्हा कोणी बांधायचा यावरून संसार सुटायची वेळ आली, म्हणून तर गृहस्थाने पुंजी मोडून व्हॅन घेतलेली असते. तिच्यात गादी आहे, शेगडी आहे, बेसिन आहे, वर पक्कं पत्र्याचं छप्पर आहे. आता आणखी काय लागणार? ऑनिंग लागतं. ऑनिंग म्हणजे व्हॅनच्या कुशीला जोडायचा कापडी मांडव, आणि तो उभा करायला खुंट्या, दोर, हातोडी, वारा आणि अंगठा हे सगळं पहिल्यापासून पुन्हा लागतं. यावर सर्वसाधारण समज असा की मांडव पावसासाठी असतो. दुसरा समज असा की तो उन्हासाठी असतो, पण ब्रिटनमधलं ऊन हा काही शेकडो पौंड खर्चण्याचा विषय नव्हे. माझं म्हणणं असं की मांडव जागेसाठी असतो. ही चार हात जमीन दोन रात्रींपुरती का होईना आपली आहे, हे शेजाऱ्याला दिसावं आणि आपल्यालाही पटावं, एवढ्यासाठीच माणूस तो घेतो. बाकीची कारणं दुकानात सांगायची असतात.

आरोप जड वाटत असेल तर थोडं मागे जाऊ. हौसेखातर चाकांवरचं घर बांधून घेणारा पहिला साहेब म्हणून विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टरचं नाव घेतात. १८८५ साली त्याने ब्रिस्टलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची घोडागाडी करून घेतली. हेतू मुक्त भटकंतीचा. पण दोन घोडे, एक गाडीवान, एक चाकर, पुस्तकांचं कपाट आणि चिनी मातीच्या भांड्यांचं कपाट एवढं बरोबर घेऊन डॉक्टरसाहेब मुक्त व्हायला निघाले. अरुंद रस्त्यावर समोरून कोणी येत नाही ना हे पाहायला चाकर तीनचाकी सायकलवरून पुढे जायचा. आपण पोचायच्या आधी आपलं माणूस पाठवून वाट मोकळी करून ठेवायची, ही वृत्ती या छंदात पहिल्या दिवसापासूनची आहे. पुढे १९४७ मध्ये बेन पॉन नावाच्या डच आयातदाराने वहीच्या पानावर एका चौकोनी फोक्सवॅगनचं चित्र काढलं, १९५० मध्ये ती गाडी कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि १९५१ पासून वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसणारी कॅम्पिंगची पेटी विकायला काढली. आठवडाभर माल वाहा, रविवारी पेटी बसवा आणि निघा. या सगळ्या करामतीचं सार एकच होतं, बाहेर काही मांडावं लागू नये. किल्ली बंद केली की संसार सुरू, किल्ली फिरवली की संसार चालू लागला. जर्मन डोक्याने पलंग, कपाट आणि शेगडी चार पावलांत बसवून दाखवली आणि माणसाच्या स्वभावाने त्या चार पावलांना बाहेरून आणखी आठ पावलं जोडून दाखवली.

ही जोडणी सोपी असती तर तक्रार नव्हती. सदरा घेताना आपण गळा आणि लांबी सांगतो. ऑनिंग घेताना गाडीची जमिनीपासूनची उंची सांगावी लागते, आणि ती आपल्या गाडीची किती आहे हे पृथ्वीतलावर कोणालाच ठाऊक नसतं. साधारण १८० ते २१० सेंटिमीटरपर्यंतच्या गाड्यांना ठेंगणं ऑनिंग, २४० पर्यंत मधलं, त्यावर उंच. फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर दोन मीटरच्या आसपास, उंच छताची फियाट डुकाटो अडीच मीटरची. दुकानात संवाद होतो तो असा:

"गाडी कोणती?"

"निळी."

"उंची किती?"

"आत वाकून उभं राहावं लागतं."

मग गिऱ्हाईक घरी जाऊन टेप लावतं. टेपचं एक टोक गटाराच्या झाकणावर, दुसरं हवेत, आणि "धर ना नीट" हे वाक्य मध्ये. तेवढ्याने भागत नाही. मांडवाच्या कडेला शिवलेली गोल दोरी असते, तिला कॅडर म्हणतात. ती कुठे चार मिलिमीटरची, कुठे सहाची. ती गाडीच्या पन्हळीत सरकवायची, पण जुन्या गाड्यांना छताच्या कडेला पन्हळ असते आणि नव्यांना नसते. नसेल तर रेल चिकटवायची. चिकटवायची नसेल तर गाडीच्या टपावरून पट्टे टाकून पलीकडच्या चाकाशी बांधायचे, त्यासाठी पट्टा टपावरून फेकायचा आणि तो पलीकडच्या माणसाच्या डोक्यात बसला की पोचला असं समजायचं. त्यात बाजूचा प्रश्न. ब्रिटनमध्ये गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगाने जातात, म्हणून व्हॅनचं सरकतं दार फुटपाथकडे, डावीकडे. जर्मनीहून हौसेने आणवलेल्या गाडीचं दार उजवीकडे. अशा गाडीला मांडव लावला आणि सगळ्यांबरोबर ओळीत उभं राहिलं की तळं शेजाऱ्याच्या वाट्याला येतं आणि आपल्या दिवाणखान्यासमोर संडासाची रांग. एवढी शास्त्रोक्त मोजमापं करून माणूस शेवटी ऑनिंग निवडतो ते राखाडी आणि हिरव्यातलं जे गाडीला शोभतं ते. मला यात काही गैर वाटत नाही. शोभा हाच खरा निकष असल्याचा हा पहिला पुरावा आहे, म्हणून मी तो नोंदवून ठेवतो.

आता पहिला आक्षेप, आणि तो दणकट आहे. ब्रिटनमध्ये पाऊस पडतो. लेक डिस्ट्रिक्टमधलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सगळ्यात ओलं वस्तीचं गाव; तिथे वर्षाला साधारण साडेतीन मीटर पाऊस होतो. आंबोलीकर हा आकडा ऐकून चहा मागवतील, कारण त्यांच्याकडे जवळजवळ दुप्पट पडतो. पण आंबोलीचा पाऊस हंगाम पाळतो. सीथवेटचा बारा महिने, उसंत घेत, माणूस खुर्ची बाहेर काढेपर्यंत दबा धरून पडतो. तेव्हा मांडव हवा, हे उघड नाही का? नाही. कापड किती पाणी अडवतं याचा एक आकडा ऑनिंगवर छापलेला असतो, त्याला हायड्रोस्टॅटिक हेड म्हणतात. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करायचा आणि किती उंचीला थेंब पलीकडे येतो ते मोजायचं. चांगल्या ऑनिंगचा आकडा चार हजार मिलिमीटर असतो. म्हणजे सीथवेटचा अख्ख्या वर्षाचा पाऊस नळकांड्यात भरून या कापडावर उभा केला तरी ते दाद देणार नाही. गिऱ्हाईक सहा हजाराचं मागतं. चार हजारात कसलं भय वाटलं, असं विचारलं तर म्हणतं, असू दे. आणि एवढं अभेद्य कापड डोक्यावर असताना पाणी आत येतंच, कारण ते कापडातून येतच नाही. ते गाडी आणि मांडव यांच्या सांध्यातून येतं, जमिनीवरून येतं, आणि आतल्या माणसांच्या श्वासातून येतं. पॉलिस्टर हवा खेळू देत नाही. चार जण आणि एक ओला कुत्रा रात्रभर श्वास सोडतात, बाहेर गारठा असतो, पहाटे छताला थेंब लटकतात.

"गळतंय."

"गळत नाही. घाम आहे."

"कोणाचा?"

याला उत्तर नसतं. सुती मिश्रणाचं कापड घ्या, ते श्वास घेतं, असं जाणकार सांगतात. ते खरंही आहे. पण ते इतकं जड असतं की श्वास घेणं आपलं बंद होतं. शिवाय मूळ मुद्दा राहतोच. खरा पाऊस लागला की सगळी मंडळी मांडव सोडून व्हॅनमध्येच जाऊन बसतात. मांडवात राहतात ते ओले बूट, ओला कुत्रा आणि ज्याने खुंट्या नीट ठोकल्या नव्हत्या तो.

दुसरा आक्षेप सोयीचा आहे, आणि माझ्या म्हणण्याचं मर्म याच आक्षेपात दडलं आहे. मांडवाची एक जात ड्राइव्ह-अवे म्हणून ओळखली जाते. मांडव स्वतःच्या पायांवर उभा राहतो, गाडीशी बोगद्यासारख्या कापडाने जोडलेला. बोगदा सोडवला की गाडी मोकळी. दूध संपलं, किल्ला पाहायचा आहे, गाडी घेऊन जा, मांडव जागेवर. हे पटण्यासारखं आहे. पण क्षणभर विचार करा, गाडी गेल्यावर तो मांडव तिथे करत काय असतो? आत माणूस नाही. बाहेर पाऊस असो वा नसो, कोणाला निवारा मिळत नाही. तो फक्त असतो. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून आत टाकलेला रुमाल जे काम करतो, तेच हा मांडव करतो. फरक एवढाच की हा रुमाल तीनशे पौंडांपासून सुरू होतो आणि हौस असेल तर हजाराच्या वर जातो. बरं, त्या जागेवर नंबर आहे, आरक्षण आहे, पावती आहे, ऑफिसातल्या बाईंच्या वहीत नाव आहे. जागा कोणी पळवणार नाही. त्यातूनही धास्ती वाटलीच तर 'ही जागा घेतलेली आहे' अशी तयार पाटी मिळते, तीही अगदी स्वस्त. पण आरक्षण असलेल्या सीटवरसुद्धा रुमाल टाकल्याशिवाय ज्याला खाली उतरून चहा घेता येत नाही, त्याला पाटीचं सुख कळायचं नाही.

परत येण्याचा सोहळा तर पाहण्याजोगा. बोगदा जिथे संपतो नेमकं तिथेच गाडीचं दार यायला हवं. अर्धा हात इकडेतिकडे झालं तरी कापड ताणतं नाहीतर लोंबतं. म्हणून दूरदृष्टीची माणसं निघण्यापूर्वी चाकांपाशी खुंट्या रोवून खूण करतात, आणि बाकीची माणसं नवऱ्याला किंवा बायकोला मागे उभं करतात. "ये, ये, ये, ये..." मग शांतता. मग "थांब म्हटलं होतं ना!" म्हटलेलं नसतं. आजूबाजूचे शेजारी वर्तमानपत्राआडून हे सगळं पाहत असतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो समाधानाचा भाव असतो तो त्यांच्या स्वतःच्या मांडवाने त्यांना कधी दिलेला नसतो. दूध आणायला लागलेला वेळ आणि गाडी पुन्हा चिकटवायला लागलेला वेळ यांची तुलना करू नये. केली तर पुढच्या वेळी माणूस दुधाला चालत जातो. बहुतेक जण चालतच जातात. म्हणजे ज्या सोयीसाठी ड्राइव्ह-अवे घेतलं ती वापरायची नाही, एवढी समज या मंडळींना दुसऱ्या दिवशी आलेली असते; मांडव घेऊ नये ही समज मात्र येत नाही, कारण तो सोयीसाठी घेतलेलाच नव्हता.

इथे पंथांबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण विरोधक एकाच पंथातून येत नाहीत. गाडीच्या कडेला कायमची पेटी बसवून हँडलने कापड बाहेर काढणारे स्वतःला शहाणे समजतात: खुंट्या नाहीत, पसारा नाही, दोन मिनिटांत सावली. इटलीची फियामा किंवा स्वीडनची थुले असल्या वीसेक किलोच्या पेट्या बनवते, आणि त्या कामही चोख करतात. फक्त वारा नसावा. बाहेर काढलेलं कापड वाऱ्याला फार आवडतं, म्हणून या पंथाचे लोक रात्री दोन वाजता पायजम्यात हँडल फिरवताना दिसतात, आणि खुंट्या लागत नाहीत म्हणून घेतलेल्या मांडवाला वादळाचे पट्टे बांधायला खुंट्या ठोकताना दिसतात. दुसरा पंथ हवेच्या नळ्यांचा. काठ्यांऐवजी नळ्या, पंपाने सुमारे सात पीएसआय हवा भरली की मांडव उभा. पत्रकात दहा-बारा मिनिटं लिहिलेली असतात आणि ती खरी असतात. पिशवीतून काढणं, पुढची बाजू कोणती यावर मतैक्य, पंपाचं तोंड शोधणं, खुंट्या, दोर आणि अबोला हे त्यात धरलेलं नसतं, इतकंच. तिसरा पंथ वैराग्यांचा: एक ताडपत्रीचा तुकडा, दोन काठ्या, बस्स. या माणसाशी वाद घालायची सोय नाही. तो आपणहून येतो, आपल्या मांडवाभोवती एक फेरी मारतो आणि विचारतो, "एवढं सगळं लागतं का हो?" त्याची ताडपत्री जगातल्या सगळ्यात हलक्या कापडाची असते आणि तिची किंमत तो सांगत नाही.

तिसरा आक्षेप मला मान्य आहे, तेव्हा तो झटकन मान्य करून टाकतो. मुलं असतील तर मांडव हवा. व्हॅनमध्ये कोंडून राहणं मुलांना जमतं, व्हॅनला जमत नाही. त्याच्या जोडीला स्वयंपाकाचा आक्षेप येतो, आणि तो आपल्या माणसांनी तरी उडवून लावू नये. स्लाउ किंवा हॅरोमधली मराठी मंडळी ऑगस्टात व्हॅन भाड्याने घेऊन डोंगरात जातात तेव्हा पहिल्या संध्याकाळी त्यांना एक गोष्ट कळते. शेगडीपासून उशी हातभर अंतरावर असलेल्या खोलीत हिंग-मोहरीची फोडणी दिली तर ती पोह्यांना बसतेच, पण गादीला, पडद्यांना आणि मुलांच्या केसांनाही बसते, आणि धुराचा अलार्म सगळ्या मैदानाला जेवायला बोलावतो. फोडणी बाहेर न्या, हे कबूल. पण बाहेर म्हणजे उघड्यावर. कापडी मांडवाच्या आत शेगडी पेटवणं धोक्याचं, आणि कोळशाची शेगडी तर विझत आली तरी आत घ्यायची नाही. तिच्या कार्बन मोनॉक्साइडने झोपेत माणसं दगावली आहेत. इथे थट्टा नाही. म्हणजे फोडणीसाठी मांडव हवा म्हणावं तर फोडणी मांडवात द्यायची नाही. मग मांडव राहिला कशाला, हा प्रश्न पुन्हा माझ्याच बाजूने उभा राहतो.

तो कशाला राहिला हे आत डोकावल्यावर कळतं. रिकामा मांडव चांगला दिसत नाही म्हणून गालिचा येतो. गवत मरू नये म्हणून श्वास घेणारा गालिचा, हाही एक स्वतंत्र प्रकार आहे. गालिच्यावर बूट नकोत म्हणून पायपुसणं येतं, बुटांसाठी मांडणी येते, मांडणीवर दिव्यांची माळ. भांड्यांना घडीचं कपाट येतं, तेव्हा १८८५ च्या डॉक्टरसाहेबांची आठवण होते. वाऱ्याला आडोसा म्हणून चार खांबांचा कापडी पडदा, म्हणजे कुंपण. कुंपण आलं की फाटक. ब्रिटनमधल्या कॅम्पिंगच्या मोठ्या क्लबांचा नियम आहे की दोन बिऱ्हाडांमध्ये सहा मीटर अंतर हवं आणि मांडव लावूनही मध्ये तीन मीटर मोकळे राहायला हवेत. आग पसरू नये म्हणून. नियम आगीसाठी आहे, पण तो वाचला जातो सातबाऱ्यासारखा. आपल्याला तीन मीटर सोडायचे आहेत हे कोणी वाचत नाही. शेजाऱ्याने किती सोडले ते पावलांनी मोजलं जातं. सकाळी चहाचा कप हातात घेऊन, सहज फिरल्यासारखं, मोठी पावलं टाकत. काही ठिकाणी मांडवाचे वेगळे पैसे घेतात आणि लोक ते कुरकुर न करता देतात. त्याच ठिकाणी अंघोळीच्या गरम पाण्याला नाणं टाकावं लागलं की ऑफिसात जाऊन भांडतात.

एक हिशेबी गृहस्थ म्हणतील, गाडीला जोडायचा हट्टच कशाला? शेजारी एक साधा तंबू उभा करा. निम्म्या पैशांत काम होईल, उंची नको, रेल नको, बोगदा नको. बिनतोड सल्ला आहे. तो कोणी ऐकत नाही. तंबू बाजूला उभा केला तर आपण पुन्हा तंबूवाले होतो. जोडला तर दोन खोल्यांचे मालक.

उरतं ते उतरवणं, आणि तिथे कोणत्याच पंथाला सूट नाही. निघायच्या सकाळी पाऊस असतोच. ओलं कापड घडी घालून पिशवीत भरायचं, आणि कारखान्यातून जी वस्तू ज्या पिशवीतून आली त्या पिशवीत ती वस्तू मावत नाही, हे शास्त्राने कधीतरी तपासून पाहावं. ओलं कापड बांधून ठेवलं तर बुरशी धरते, म्हणून घरी आल्यावर ते जिन्याच्या कठड्यावर, दारांवर, सोफ्यावर पसरायचं. ज्या घरापासून दूर जायला व्हॅन घेतली ते घर आठवडाभर आतून तंबू होऊन बसतं. त्यानंतर काही दिवसांनी विक्रीची जाहिरात येते, आणि या जाहिरातींत एक वाक्य हटकून असतं: 'एकदाच वापरलेलं.' मग कोणीतरी फोन करतो.

"पावसात टिकतं ना?"

"एकदम. चार हजारचं आहे."

"मग विकताय का?"

"मोठं घेतलंय."